पी २४५३ : सेन्सर दोनदा बदलूनही डिझेल पिकअपमध्ये तोच कोड परत का येतो?

सासवडचा पिकअपमालक

नमस्कार. माझ्याकडे २०२१ सालची बीएस-६ डिझेल पिकअप असून तिचे १ लाख १२ हजार किलोमीटर झाले आहेत. पुरंदर तालुक्यातील शेतकऱ्यांचा माल, म्हणजे हंगामाप्रमाणे वाटाणा, अंजीर, सीताफळ आणि जवळजवळ वर्षभर फुले, मी सासवडहून पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचवतो. पहाटे भरलेली गाडी दिवे घाट उतरून फुरसुंगी, हडपसर करीत बाजारात जाते आणि दुपारी त्याच रस्त्याने रिकामी परत येते.

गेल्या चार महिन्यांपासून चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक वेळी पी २४५३ हा एकच कोड दिसतो. डीपीएफच्या, म्हणजे सायलेन्सरमधील काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दाब मोजणाऱ्या सेन्सरचा हा कोड असल्याचे मला सांगण्यात आले. पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरमध्ये नवा सेन्सर बसवला. आठ-दहा दिवस गाडी उत्तम चालली आणि दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या वेळी नाना पेठेतून सेन्सर आणून गावाजवळच्या गॅरेजमध्ये बसवला, तेव्हाही नेमके तेच झाले. दोन्ही वेळचा मिळून नऊ हजारांच्या वर खर्च झाला आहे. दिवा लागल्यानंतर गाडी चढाला ओढत नाही, आणि पूर्वी लिटरला तेरा किलोमीटर मिळणारे अ‍ॅव्हरेज अकरावर आले आहे.

एका मेकॅनिकने फिल्टर आतून पोकळ करून प्रोग्रॅम बदलून घेण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे असे मनाला पटत नाही, परंतु तिसरा सेन्सर घेण्याचीही आता तयारी नाही. हा दोष नेमका कोठे शोधावा, आणि त्यातील कोणती तपासणी मी स्वतः करू शकतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भोसरीचा गॅरेजवाला

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पी २४५३ या कोडचा अर्थ सेन्सर जळाला असा नसून, सेन्सर जे सांगतो आहे त्यावर इंजिनच्या संगणकाचा विश्वास बसत नाही, असा आहे. सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तर बहुधा पी २४५४ किंवा पी २४५५ येतो, कारण त्या वेळी सिग्नल अगदी खाली किंवा अगदी वर जाऊन बसतो. तुमच्याकडे सिग्नल येतो आहे, मात्र तो त्या क्षणी इंजिनमधून जाणाऱ्या धुराच्या प्रमाणाशी जुळत नाही. दोन वेगवेगळे नवे सेन्सर एकच चूक सांगत असतील, तर सेन्सर सोडून बाकीचे पाहायला हवे.

यापुढे कोड लगेच पुसू नका. कोड नोंदला जातो त्या क्षणाची वेग, आरपीएम, इंजिनचे तापमान, लोड अशी माहिती संगणक साठवून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात आणि कोड पुसला की तीही जाते. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या कोड पुसूनच येतात, आणि मग आम्हाला अंधारात चाचपडावे लागते. फ्रीज फ्रेमचा फोटो काढून ठेवा.

त्यानंतर स्कॅनरवर लाइव्ह डेटामध्ये डीपीएफचा दाब-फरक उघडा आणि तीन रीडिंग लिहून घ्या. पहिले रीडिंग किल्ली ऑन, पण इंजिन बंद असताना घ्या. ते शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ असले पाहिजे, कारण त्या वेळी फिल्टरमधून काहीच वाहत नसते. दुसरे इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आणि तिसरे गाडी उभी असताना ३००० आरपीएमवर घ्या. आरपीएम वाढवताना आकडा लगेच वर जातो का, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताच खाली येतो का, याकडे आकड्याइतकेच लक्ष द्या.

सेन्सरचा कपलर, म्हणजे तारांचा जोड, तोही काढून पाहा. पिन हिरव्या पडल्या असतील किंवा सैल झाल्या असतील तर दिसेल. मल्टिमीटर असल्यास कपलरच्या तीन तारांपैकी एकीवर सुमारे ५ व्होल्ट आणि एकीवर चांगले अर्थिंग मिळायला हवे.

सासवडचा पिकअपमालक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. दिवा परवा पुन्हा लागला, त्यामुळे फ्रीज फ्रेम मिळाली. वेग ताशी ३४ किलोमीटर, आरपीएम २४५०, इंजिनचे तापमान ८८ अंश आणि लोड ७१ टक्के. मला ती जागाही आठवते. परतीच्या वाटेवर वडकी सोडून दिवे घाटाचा चढ सुरू झाला होता. आता विचार करताना लक्षात येते की यापूर्वीही बहुतेक वेळा दिवा घाट चढतानाच लागला होता. उतरताना तो एकदाही लागलेला नाही.

रीडिंग अशी आहेत : इंजिन बंद असताना ०, आयडलिंगला २ मिलिबार आणि ३००० आरपीएमवर ७ मिलिबार. आरपीएम वाढवल्यावर आकडा थोडा रेंगाळत वर जातो. कपलरच्या पिन स्वच्छ आहेत. एका तारेवर ४.९८ व्होल्ट मिळाले आणि अर्थिंगही बरोबर आहे.

आयटीआयमधील निदेशक

मी डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांतून बराच उलगडा होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची जाळीदार वीट असते. तिच्यातील नळ्या आळीपाळीने एका टोकाला बंद केलेल्या असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी भिंतीवर अडकते. काजळी जितकी साठते, तितका फिल्टरच्या अलीकडचा दाब पलीकडच्या दाबापेक्षा वाढतो. हा फरक मोजण्यासाठी फिल्टरच्या पुढून आणि मागून एकेक बारीक लोखंडी नळी निघते, त्या नळ्यांना रबरी होज जोडलेले असतात आणि दोन्ही होज सेन्सरच्या दोन तोंडांवर बसतात. सेन्सर धुरात नसतो. धुराचा दाब या नळ्यांमधून त्याच्यापर्यंत पोहोचतो, आणि वाटेत काही बिघडले तर सेन्सर कितीही नवा असला तरी त्याला खरा दाब कळतच नाही.

आता तुमचे रीडिंग पाहू. १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेल्या फिल्टरवर ३००० आरपीएमला फक्त ७ मिलिबार हे संशयास्पदरीत्या कमी आहे. हा आकडा गाडीगणिक बदलतो, परंतु आमच्या कार्यशाळेत स्वच्छ फिल्टर असलेल्या गाड्यांवरही यापेक्षा कितीतरी जास्त रीडिंग दिसते. संगणकाला शोषलेल्या हवेचे प्रमाण माहीत असते, त्यावरून किमान किती फरक यायला हवा याचे गणित त्याच्याकडे असते. आयडलिंगला धूर इतका थोडा असतो की चूक झाकली जाते. घाटाच्या चढाला धुराचा लोट वाढतो, अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांत मोठी तफावत पडते आणि कोड नोंदला जातो. घाट उतरताना इंजिनला इंधन जवळजवळ मिळतच नाही, म्हणून तेथे दिवा लागत नाही. तुमची आठवण आणि फ्रीज फ्रेम एकमेकींना पूर्ण दुजोरा देतात.

रीडिंग कमी येण्याचे कारण पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या, नळीच्या वाटेवर असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. मागची नळी फुटली असती तर रीडिंग उलट किंचित वाढले असते. दोन्ही होज उलटसुलट बसले असते तर आकडा वजा दिसला असता. पुढच्या होजला चीर असेल तर दाब तेथूनच बाहेर निसटतो. येथे एक बारीक मुद्दा आहे. लोखंडी नळी काजळीने अर्धवट चोंदली असेल, पण होज शाबूत असेल, तर दाब उशिरा का होईना सेन्सरपर्यंत पोहोचतो, कारण त्या नळीतून काही वाहून जायचे नसते. मात्र नळी चोंदलेली आणि होजला लहानशी चीर, असे दोन्ही दोष एकत्र आले, तर चिरेतून जितका दाब निसटतो तितका चोंदलेल्या नळीतून मागाहून भरून येत नाही, आणि सेन्सरला नेहमीच कमी दाब दिसतो. तुमचा आकडा रेंगाळत वर जातो, म्हणून मला या दुहेरी दोषाची शंका आहे.

तपासणी अशी करा. गाडी पूर्ण थंड होऊ द्या, कारण डीपीएफच्या आसपासचा भाग कातडी सोलून काढेल इतका तापतो. कोणता होज कोठे बसतो यावर रंगाची खूण करा. दोन्ही होज सेन्सरवरून काढा आणि तोंडाने फुंकून पाहा. फुंकर सहज गेली पाहिजे. होज क्लिपच्या खाली आणि वळणावर वाकवून बघा, कारण चीर बहुधा तेथेच असते आणि होज सरळ असताना ती मिटून राहते. कॉम्प्रेसरची हवा सेन्सरच्या तोंडात कधीही सोडू नका, आतील नाजूक पडदा तत्काळ निकामी होतो. परत बसवताना होज सेन्सरकडून फिल्टरकडे सतत उतरता राहील असे पाहा. मध्ये झोळ पडला तर धुरातील वाफेचे पाणी तेथे साचते, आणि थंडीच्या पहाटे ते पाणीच दाबाची वाट अडवते.

पीयूसी केंद्रचालक, हडपसर

फिल्टर पोकळ करण्याच्या सल्ल्याविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. नोंदणीनंतर वाहनाच्या मूळ रचनेत असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाई आहे. हवा-प्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि वाहन चालवण्याचा परवानाही तीन महिन्यांसाठी जातो. ज्या गाडीवर कुटुंबाचे पोट आहे, तिच्याबाबत हा धोका पत्करू नये.

दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. मार्केट यार्डात पहाटे शेकडो गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात आणि त्यांच्या मागेच हमाल पाठीवर माल घेऊन ये-जा करतात. फिल्टरविना निघणारी काजळी पहिल्यांदा त्यांच्याच छातीत जाते.

सासवडचा पिकअपमालक

निदेशक सरांची शंका अगदी खरी ठरली. काल रविवारी गाडी थंड असताना दोन्ही होज काढले. मागच्या होजमधून फुंकर सहज गेली. पुढच्या होजमधून फुंकताना गाल दुखू लागले, तरी हवा पुढे जाईना. उलट एका जागी ओठांजवळच गार झुळूक जाणवली. होज वाकवून पाहिला, तर क्लिपच्या कडेलगत, खालच्या बाजूने, नखाएवढी चीर उघडली आणि हात सोडताच ती अशी मिटली की नुसत्या डोळ्यांनी दिसतही नव्हती. तीन वेळा गाडी लिफ्टवर चढली होती, परंतु होज न वाकवता नुसते पाहणाऱ्याला ती चीर दिसणे शक्यच नव्हते.

आठ-दहा दिवसांचे कोडेही त्यामुळे उलगडले, असे मला वाटते. सेन्सर बदलताना दोन्ही वेळा होज काढून पुन्हा आत दाबून बसवला गेला, क्लिप चिरेवर आली आणि चीर दबली. मग घाटातील हादऱ्यांनी आणि उष्णतेने होज पुन्हा थोडा सरकला की दोष परत येत असे. म्हणजे ते आठ-दहा दिवस नव्या सेन्सरमुळे नव्हे, तर होज घट्ट बसल्यामुळे मिळत होते.

लोखंडी नळी मोकळी करण्यासाठी क्लचची जुनी केबल सोडवून तिची एक तार आत घातली. सुमारे चार इंचांवर ती अडली. हळूहळू फिरवल्यावर डांबरासारखा काळा, ओलसर लगदा बाहेर आला आणि शेवटी फुंकर आरपार गेली. उष्णता सहन करणारा नवा होज नाना पेठेत ३४० रुपयांना मिळाला. साधा पेट्रोलचा पाइप चालेल असे एका दुकानदाराने सांगितले होते, पण तो मी घेतला नाही.

आता अडचण अशी की कोड पुसून गाडी चालवली, तर पी २४५३ आला नाही, मात्र दुसऱ्याच दिवशी पी २४६३ आला. रीडिंग आयडलिंगला १४ आणि ३००० आरपीएमवर ११८ मिलिबार आहे. माझ्या हातून काही बिघडले का?

भोसरीचा गॅरेजवाला

तुमच्या हातून काहीही बिघडलेले नाही. उलट चार महिन्यांत पहिल्यांदाच गाडी खरे बोलते आहे. पी २४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी मर्यादेबाहेर साठली आहे. ती या दोन दिवसांत साठलेली नाही. सेन्सरला दाब कमी दिसत होता म्हणून फिल्टर रिकामा आहे असे संगणक धरून चालला होता, आणि सेन्सरचा कोड लागलेला असताना अनेक गाड्यांत फिल्टर जाळून साफ करण्याची क्रिया, म्हणजे रिजनरेशन, सुरूच होत नाही. अ‍ॅव्हरेज कमी होण्याचे आणि गाडी न ओढण्याचे कारणही मला यातच दिसते.

तुमच्या मार्गाचाही यात वाटा आहे. रिजनरेशनसाठी फिल्टरचे तापमान सुमारे ६०० अंशांवर नेऊन काही काळ टिकवावे लागते, आणि त्यासाठी इंजिनवर सलग ताण हवा. तुमची गाडी भरलेली असताना घाट उतरते, तेव्हा सायलेन्सर उलट थंड होतो. पुढे हडपसरच्या कोंडीत ती रांगते. चढाला मात्र ती रिकामी असते. मुंबई किंवा सोलापूरपर्यंत माल नेणाऱ्या गाडीला जे आपोआप मिळते, ते तुमच्या पस्तीस किलोमीटरच्या फेरीत मिळत नाही.

आता घाई करू नका. या अवस्थेत गाडी भरधाव पळवून काजळी जाळण्याचा प्रयत्न करू नये; खूप साठलेली काजळी एकदम पेटली तर सिरॅमिकला तडा जातो, आणि नव्या फिल्टरचा खर्च तुमच्या आतापर्यंतच्या खर्चाच्या कितीतरी पट होईल. आधी ऑइलची पट्टी काढून पाहा. रिजनरेशनच्या वेळी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडले जाते, आणि रिजनरेशन अर्धवट राहिले की त्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर ऑइल आधी बदला. ऑइल डीपीएफसाठीचे, कमी राखेचेच घ्या. काजळी जळून जाते, परंतु ऑइलमधून येणारी राख जळत नाही आणि फिल्टरमध्ये कायमची बसते. त्यानंतर सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा योग्य स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये तापमानावर लक्ष ठेवून उभ्या गाडीचे रिजनरेशन करून घ्या. गाडी मोकळ्या जागेत, वाळलेल्या गवतापासून आणि पाचोळ्यापासून दूर उभी असल्याची स्वतः खात्री करा.

सेन्सर नवा आहे, तेव्हा त्याच स्कॅनरवरून सेन्सर बदलल्याची नोंद संगणकात झाली आहे का, हेही विचारा. काही गाड्यांत ती न केल्यास जुन्या सेन्सरचीच शिकलेली मूल्ये वापरली जातात.

सासवडचा पिकअपमालक

उशिरा कळवतो आहे, त्याबद्दल क्षमस्व. दिवस मोजून खात्री करूनच लिहायचे ठरवले होते.

ऑइलची पातळी वरच्या खुणेपेक्षा जवळजवळ एक बोट वर होती आणि पट्टीला डिझेलचा वास स्पष्ट येत होता. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले. सर्व्हिस सेंटरमध्ये या वेळी मी फ्रीज फ्रेमचा फोटो, तिन्ही रीडिंग आणि फाटलेला होज हातात घेऊनच गेलो. तेथील पर्यवेक्षकांनी ते सर्व शांतपणे पाहिले आणि सेन्सरची नोंद तपासली, ती खरोखरच झालेली नव्हती. नोंद करून उभ्या गाडीचे रिजनरेशन केले. त्याला पस्तीस मिनिटे लागली. तेवढा वेळ सायलेन्सरच्या तोंडातून इतकी उष्ण हवा येत होती की चार फुटांवरही उभे राहवत नव्हते.

त्यानंतर आयडलिंगला ५ आणि ३००० आरपीएमवर ३६ मिलिबार रीडिंग आले. आज २६ दिवस आणि सुमारे १८०० किलोमीटर झाले आहेत. दिवे घाट रोज चढतो आहे आणि दिवा लागलेला नाही. अ‍ॅव्हरेज साडेबारापर्यंत परत आले आहे. दर आठवड्याला एकदा परतताना मार्केट यार्डातून थेट घरी न येता सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत एका वेगात जाऊन येतो. त्या बाजूच्या दोन शेतकऱ्यांची रिकामी क्रेट पोहोचवण्याचे भाडे मिळाले आहे, त्यामुळे डिझेल वाया जात नाही.

आयटीआयमधील निदेशक

आपण आकड्यांसह कळवले, याबद्दल मनापासून आभार. मागचा होजही पुढच्या सर्व्हिसला बदलून घ्या. दोन्ही होज एकाच वयाचे आहेत आणि उष्णताही दोघांनी सारखीच सोसली आहे. तो फाटलेला होज टाकून दिला नसेल, तर माझ्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मिळू शकेल का?

सासवडचा पिकअपमालक

होज जपून ठेवला आहे, सर. गुरुवारी बाजारातून परतताना आणून देतो.